दुःखाचे दिवस किती?

काही वर्षांपूर्वी एक बाई माझ्या दवाखान्यात आल्या. वय पंचावन्नच्या आसपास. छातीत भरून येतं, घशाशी आवंढा अडकल्यासारखा वाटतो, मध्येच खोल श्वास घ्यावा लागतो, रात्री झोप नाही, अशा तक्रारी. बीपी थोडं वाढलेलं होतं. ईसीजी काढला, तो नॉर्मल. साखर, हिमोग्लोबिन, थायरॉइड सगळं ठीक. दीड महिन्यापूर्वी यजमान गेले, हे त्यांनी मी विचारल्यावर सांगितलं. मी धीराचे चार शब्द बोललो, झोपेची एक सौम्य गोळी लिहून दिली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं.

पंधरा दिवसांनी त्या परत आल्या. गोळीनं झोप लागत होती, पण छातीतलं भरून येणं तसंच होतं. तपासून झाल्यावर उठता उठता म्हणाल्या, "डॉक्टर, तेराव्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नव्हती. तेव्हा वाटायचं, ही माणसं एकदाची जातील तर बरं. चौदाव्या दिवशी सगळी गेली. आता दोन महिने झाले, बेल वाजली तर ती कुरिअरवाल्याची असते."

मी पुन्हा खुर्चीवर बसायला सांगितलं. त्या दिवशी ओपीडी अर्धा तास उशिरा संपली.

एमबीबीएस आणि एमडीच्या अभ्यासक्रमात आम्हाला मृत्यूचं कारण लिहायला शिकवतात. मागे राहिलेल्यांचं काय होतं, याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. आधी वैद्यकाची पुस्तकं वाचली आणि मग इतिहासाची. आज त्यातलं थोडं तुम्हाला सांगतो. वर वर पाहता हा लेख रूढींविषयी आहे, पण माझ्या दृष्टीनं तो तब्येतीविषयीच आहे.

गुरू-शिष्यांचा एक जुना वाद

माणूस गेल्यावर किती दिवस शोक करायचा, हा प्रश्न नवा नाही. सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये कन्फ्यूशियसच्या एका शिष्यानं त्यांना हेच विचारलं होतं. आईवडील गेले की मुलानं तीन वर्षं दुखवटा पाळायचा, असा तिथला रिवाज होता. शिष्याचं म्हणणं व्यवहारी होतं. तीन वर्षं फार होतात, शिकलेलं सगळं विसरायला होतं. जुनं धान्य संपून नवं येतं तेवढा काळ, म्हणजे एक वर्ष, पुरेसं नाही का? कन्फ्यूशियसनं त्याला विचारलं, की वर्षभरानंतर उत्तम भात खाताना आणि भारी वस्त्रं नेसताना तुझ्या मनाला बरं वाटेल का? शिष्य म्हणाला, वाटेल. मग तू तसं कर, एवढंच गुरू बोलले. तो निघून गेल्यावर मात्र त्यांनी इतरांना सांगितलं, की मूल तीन वर्षांचं होईपर्यंत आईवडिलांच्या कुशीतच असतं, हा विसरला वाटतं.

पुढे चीनमध्ये हा नियम इतका पक्का झाला, की आई किंवा वडील गेल्यावर सरकारी अधिकाऱ्याला पद सोडून घरी जावं लागे. तिसरं वर्ष लागलं की तीन वर्षं झाली असं धरत, त्यामुळे प्रत्यक्षात हा काळ पंचवीस ते सत्तावीस महिन्यांचा होई. आज आपल्याकडे वडील गेल्यावर किती दिवसांची रजा मिळते, ते आठवून पाहा.

सात, तीस, तीन, तेरा

ज्यू धर्मात हा हिशोब फार बारकाईनं केलेला आहे. आपल्याला हे लोक अगदी परके नाहीत. कोकणातले बेने इस्राएल शेकडो वर्षं मराठी बोलत आले आहेत. ज्यू परंपरेत दफनानंतर सात दिवस जवळच्या नातेवाइकांनी घरीच बसायचं. बैठक नेहमीपेक्षा खाली असते. दफनाहून परतल्यावरचं पहिलं जेवण आपल्या घरचं खायचं नाही, ते शेजाऱ्यांनी आणायचं. त्यात बहुधा उकडलेली अंडी आणि मसूर असे गोल पदार्थ असतात. सात दिवसांनंतर तीस दिवसांपर्यंत बंधनं थोडी सैल होतात, पण केस कापायचे नाहीत. आईवडिलांसाठी हा काळ वर्षापर्यंत जातो, आणि त्यांच्यासाठीची प्रार्थना अकरा महिने म्हणतात. त्यापलीकडे शोक ताणू नये, असंही त्यांचे धर्मग्रंथ बजावतात.

त्यातला एक नियम मला फार आवडतो. भेटायला आलेल्यानं आपणहून बोलायला सुरुवात करायची नाही. घरचा माणूस बोलेपर्यंत नुसतं शेजारी बसून राहायचं. "कसं काय झालं?", "आधी दाखवलं नव्हतं का?", "त्या हॉस्पिटलात कशाला नेलंत?" हे प्रश्न आपल्याकडे सांत्वनाला येणारे किती सहज विचारतात! त्यातला प्रत्येक प्रश्न घरच्यांच्या मनात वर्षानुवर्षं सलत राहतो. मी तो पेशंटांच्या तोंडून ऐकतो.

इस्लाममध्ये जवळच्या नातेवाइकासाठी तीन दिवसांचा शोक सांगितला आहे. पतीसाठी पत्नीनं चार महिने दहा दिवस इद्दत पाळायची, ती गरोदर असेल तर बाळंतपणापर्यंत. इथेही जेवणाचा उल्लेख आहेच. इसवी सन 629 मधल्या मुताहच्या लढाईत प्रेषित मुहम्मद यांचे चुलतभाऊ जाफर मारले गेले. तेव्हा त्यांच्या घरच्यांसाठी जेवण करून न्या, त्यांच्यावर असा प्रसंग आला आहे की त्यांना दुसरं काही सुचणार नाही, असं प्रेषितांनी सांगितल्याची परंपरा आहे.

आणि आपल्याकडे? दहा दिवस सुतक. घरात चूल पेटत नाही, भावकीतून किंवा शेजारून पिठलं-भात येतो. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेपर्यंत सगळे ताटकळत उभे राहतात. कावळा शिवेना की कोणी तरी पुढे होऊन म्हणतो, "काळजी करू नका, धाकटीचं लग्न मी करून देईन." कावळ्याला ते कळतं की नाही, हा प्रश्न बाजूला ठेवा. चार माणसांसमोर त्या मुलीची जबाबदारी कोणी तरी घेतलेली असते आणि ती तिनं स्वतःच्या कानांनी ऐकलेली असते. तेराव्याला गोडाचं जेवण होतं, दुखवट्याचा आहेर येतो, म्हणजे आता उठा आणि कामाला लागा, असं समाजच सांगतो. पुढे दर महिन्याला मासिक, आणि वर्षानं वर्षश्राद्ध.

धर्म वेगळे, देश वेगळे, पण डॉक्टर म्हणून मला यात काही गोष्टी सारख्या दिसतात. दुःखात माणसाला भूक लागत नाही आणि स्वयंपाक तर सुचतच नाही, म्हणून जेवण बाहेरून येतं. त्याला एकटं सोडायचं नाही. त्यानं रोजची कामं केली नाहीत तर कोणी नावं ठेवायची नाहीत, जणू तो आजारीच आहे. आणि ही सूट हळूहळू, टप्प्याटप्प्यानं काढून घ्यायची. सात दिवस संपले की घराबाहेर पडून एक फेरी मारून यायची प्रथा अनेक ज्यू घरांत आहे. हृदयविकाराच्या झटक्यानंतर आम्ही पेशंटला आधी पलंगाशेजारी बसवतो, मग खोलीत चालवतो, मग जिना चढायला सांगतो. तसंच आहे हे.

नाण्याची दुसरी बाजू

म्हणजे जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणतोय का? मुळीच नाही. ज्या प्रथांनी दुःख हलकं केलं, त्यांच्याच शेजारी दुःखी माणसाला शिक्षा करणाऱ्या प्रथाही उभ्या होत्या. ती शिक्षा बहुतेक वेळा बाईच्या वाट्याला आली. महाराष्ट्रात कित्येक उच्चवर्णीय घरांत नवरा गेलेल्या मुलीचं केशवपन करत. 1890 साली मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांचे केस कापायला नकार देऊन संप केला. कामगार चळवळीचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांचा त्यात पुढाकार होता. त्यानंतर 132 वर्षांनी, मे 2022 मध्ये, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करण्याचं आवाहन केलं.

तेव्हा मी एक साधी कसोटी लावतो. ज्या प्रथेमुळे दुःखी माणसाजवळ लोक येतात, ती औषधासारखी आहे. ज्या प्रथेमुळे लोक त्याच्यापासून लांब जातात, ती टाकून द्यावी.

विलायतेतही बाईवरचा भार जास्तच होता. 14 डिसेंबर 1861 रोजी राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट वारले. दोघंही तेव्हा बेचाळीस वर्षांची होती. राणीनं त्यानंतर 22 जानेवारी 1901 रोजी स्वतःच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस वर्षं, काळा पोशाख सोडला नाही. तिच्या काळात इंग्लंडमधल्या सुखवस्तू घरातल्या विधवेनं दोन-अडीच वर्षं दुखवट्याचे कपडे घालायचे. आधी क्रेप नावाचं निस्तेज काळं कापड, मग साधं काळं, मग राखाडी आणि जांभळट. पुरुषाचं मात्र दंडावरच्या काळ्या पट्टीवर भागे. लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर 1841 पासून फक्त दुखवट्याचे कपडे विकणारं भलंमोठं दुकान होतं. आज आपल्याला या थाटाचं हसू येतं. पण त्या कपड्यांमुळे रस्त्यावरच्या अनोळखी माणसालाही समजे, की या बाईशी जरा जपून बोलावं.

तो धागा कुठे तुटला?

इंग्लंडमध्ये हे सगळं पहिल्या महायुद्धात कोसळलं. सात लाखांहून जास्त ब्रिटिश सैनिक मेले आणि त्यांचे देह मायदेशी आणायचे नाहीत, असं सरकारनं ठरवलं. कित्येकांचे तर सापडलेच नाहीत. प्रेत नाही, दफन नाही, थडगं परमुलखात. आणि एकेका गल्लीत चार-चार घरांत माणूस गेलेला, तर कोणी कोणाकडे जेवण न्यायचं? सगळ्यांनीच काळे कपडे घातले, तर लढाईचं बळ खचेल अशीही भीती होती. जुना दुखवटा झपाट्यानं आटत गेला.

लोकांना मात्र काही तरी हवंच होतं. 11 नोव्हेंबर 1919 रोजी सकाळी अकरा वाजता सगळा देश दोन मिनिटं स्तब्ध उभा राहिला. आपण आज शोकसभेत दोन मिनिटं उभे राहतो, त्या रिवाजाला खरा प्रसार तेव्हा मिळाला. 1920 मध्ये लंडनला सेनोटाफ हे स्मारक दगडात उभं राहिलं. या शब्दाचा अर्थच रिकामं थडगं. त्याच दिवशी वेस्टमिन्स्टर ॲबीत एका अनामिक सैनिकाला पुरलं. तो आपलाच मुलगा असेल, असं मानायची मुभा प्रत्येक आईला मिळाली.

घरातलं दुःख मात्र घरातच कोंडलं गेलं. जेफ्री गोरर नावाचे एक ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ होते. 1915 मध्ये लुसिटानिया हे जहाज पाणतीर मारून बुडवलं गेलं, त्यात त्यांचे वडील गेले. 1961 मध्ये त्यांचे भाऊ पीटर फुप्फुसाच्या कर्करोगानं वारले. हे पीटर गोरर आम्हा डॉक्टरांना माहीत असायला हवेत. परक्याचा अवयव शरीर का नाकारतं, हे समजण्याचा पाया त्यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांनी घातला. भाऊ गेल्यावर जेफ्रींना मेजवान्यांची आमंत्रणं येत. ते कळवत, मी भावाच्या शोकात आहे, येणार नाही. लोक असे बावरत, जणू त्यांनी काही तरी अश्लील बोलून दाखवलं. हा अनुभव गाठीशी घेऊन त्यांनी ब्रिटनभर पाहणी केली आणि 1965 मध्ये पुस्तक लिहिलं. मृत्यूबद्दल बोलणं हीच आता लाज वाटण्याची गोष्ट झाली आहे, आणि शोकाचे विधी गेल्यामुळे माणसं दुःखात एकटी पडून अडकून राहतात, असा त्यांचा निष्कर्ष होता.

मग हे काम आमच्याकडे आलं

जे काम शेजारी, नातेवाईक आणि भटजी-मौलवी-पाद्री करत होते, ते हळूहळू डॉक्टरकडे आलं. 28 नोव्हेंबर 1942 रोजी अमेरिकेत बॉस्टन शहरातल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइट क्लबला आग लागून 492 माणसं गेली. वाचलेल्यांवर आणि मृतांच्या नातेवाइकांवर उपचार करणाऱ्यांत एरिक लिंडेमन हे मानसोपचारतज्ज्ञ होते. त्यांनी तिथले आणि इतरही शोकाकुल लोक नीट पाहिले आणि 1944 मध्ये निबंध लिहिला. दुःखाच्या लाटा येतात, एक लाट वीस मिनिटांपासून तासभर टिकते. घसा आवळतो, श्वास अपुरा पडतो, उसासे येतात, पोटात खड्डा पडल्यासारखं होतं. हे वाचताना मला माझ्या त्या पेशंट आठवल्या. त्यांच्या केसपेपरवर मी जे लिहिलं होतं, ते सगळं या यादीत होतं.

1969 मध्ये कॉलिन मरी पार्क्स आणि सहकाऱ्यांनी ब्रिटनमधल्या पंचावन्न वर्षांवरच्या 4486 विधुरांची माहिती प्रसिद्ध केली. पत्नी गेल्यानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले 213 जण मरण पावले. त्याच वयाच्या विवाहित पुरुषांच्या मानानं हे प्रमाण 40 टक्क्यांनी जास्त होतं, आणि त्यात हृदयविकाराचा वाटा मोठा होता. "ती गेली आणि सहा महिन्यांत हेही गेले" हे आपण नेहमी ऐकतो, त्याला आकड्यांचा आधार मिळाला. पुढे 1990 मध्ये जपानी डॉक्टरांनी 'ताकोत्सुबो' हा हृदयाचा आजार वर्णन केला. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगून एखाद्या मडक्यासारखा दिसतो. जपानमध्ये ऑक्टोपस पकडायच्या मडक्याला ताकोत्सुबो म्हणतात, त्यावरून हे नाव. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त दिसतो. लक्षणं हार्ट अटॅकसारखीच असतात.

दिवस मोजायचं कामही मग आम्हीच अंगावर घेतलं. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तकात 1994 साली असं ठरलं, की जवळचं माणूस गेल्यावर पहिले दोन महिने साधारणपणे डिप्रेशनचं निदान करू नये. 2013 मध्ये ही सूट काढून टाकली आणि त्यावर जोरदार वाद झाला. मग 2022 मध्ये 'लांबलेला शोक' हा वेगळा आजार पुस्तकात आला. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणानुसार त्यासाठी किमान सहा महिने व्हायला हवेत, अमेरिकी पुस्तकानुसार प्रौढांमध्ये किमान बारा महिने. आणि दोन्हीकडे अट आहे, की त्या माणसाच्या समाजात, धर्मात शोकाची काय रीत आहे हे आधी पाहावं. कन्फ्यूशियसच्या शिष्यानं एक वर्ष म्हटलं होतं. आपल्या आज्यांनीही वर्षश्राद्धापर्यंत घरात मंगलकार्य नको म्हटलं होतं. इतकं फिरून आम्हीही त्या वर्षाशीच येऊन थांबलो.

तुमच्यासाठी

करोनाच्या काळात आपण सगळ्यांनी पाहिलं. अंत्यविधीला वीसच माणसं, कित्येकांना तेवढीही नाहीत. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला देह लांबून पाहायचा आणि भेटायला कोणी यायचं नाही. संसर्ग टाळायला ते नियम गरजेचे होते. पण त्या दोन वर्षांत आपलं माणूस गमावलेले लोक अजून माझ्याकडे झोप येत नाही म्हणून येतात आणि बोलता बोलता त्या दिवसापाशी पोचतात. तुमच्या घरी असं झालं असेल, तर अजूनही उशीर झालेला नाही. एक दिवस ठरवा, माणसं बोलवा, फोटो काढा, त्यांच्या आवडीचं काही करा आणि त्यांच्याबद्दल बोला. ते तुमच्या धर्माप्रमाणे करा, किंवा कुठलाही धर्म न मानता करा.

माणूस गेलेल्या घरातल्या वयस्कर जोडीदाराकडे पहिले सहा महिने खास लक्ष द्या. बीपीच्या आणि साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना, जेवण होतंय ना, हे पाहा. छातीत दुखलं, दम लागला, तर "दुःखामुळे होत असेल" असं म्हणून घरी बसू नका, ईसीजी काढा. रडू येणं, गेलेल्या माणसाची हाक ऐकू आल्यासारखं वाटणं, हे वेड नव्हे. इंटरनेटवर वाचलेल्या दुःखाच्या पाच पायऱ्याही शोधत बसू नका. एलिझाबेथ कुबलर-रॉस यांनी 1969 मध्ये त्या मांडल्या, त्या स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांबद्दल. मागे राहिलेला प्रत्येक जण त्याच क्रमानं जातो असं नाही. पण वर्ष उलटून गेल्यावरही रोजचा दिवस ढकलणं अशक्य होत असेल तर डॉक्टरांना भेटा. आणि स्वतःला संपवावंसं वाटत असेल, तर एक दिवसही थांबू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर 14416, चोवीस तास चालू असते.

आणि तुम्ही भेटायला जाणारे असाल, तर एक विनंती. तेराव्याला सगळेच जातात. तुम्ही चाळिसाव्या दिवशी जा. डबा घेऊन जा. काही सुचलं नाही तर बोलू नका, नुसते बसा.

त्या बाईंची झोपेची गोळी मी त्यांच्या तिसऱ्या भेटीत कमी करायला घेतली. मधल्या काळात मी त्यांच्या नणंदेला फोन करून एवढंच सांगितलं होतं, की दर गुरुवारी संध्याकाळी यांच्याकडे जेवायला जात जा. बीपीची गोळी आजही चालू आहे. नणंदही अजून दर गुरुवारी येते.